तुमच्या वाट्याची बियर

म्युनिक, जर्मनी

शेफालीच्या आज्यास्नी बाळाबाईचा लांबून नमस्कार. मी सांगतेय, नात लिवतेय.

मी खुशाल हाय. डॉक्टरांनी तुमची बाटली बंद केली, म्हणून हितल्या हाटेलात तुमच्या वाट्याची देशोदेशीची बियर म्या घोट घोट चाखली. हसू नका! हितली कडू, कडुनिंबाच्या काढ्यावाणी. आयर्लंडची काळीकुट्ट, करपल्या भाकरीच्या वासाची. जपानची निस्ती पाणचट. बेल्जियमची मातुर आंबट, थेट आपली नाचणीची आंबील!

मग त्यासाठी चोरून कापूरहोळच्या ढाब्यावर कशाला जायचं? तिकडं घरी सूनबाईला सांगितलंय, रोज आंबील करंल.

पायाची सूज उतरली का? खरं कळवा.

ढाब्याकडं फिरकू नका, धनी. तुमी नसलात तर ह्या चवी येऊन सांगू कुणाला?

खालचा अंगठा माझाच,
बाळाबाई