लातूरहून आलेला तिचा फोन

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुमच्या त्या लाडकीवरून. माझ्याच वर्गातली, उदगीरची, जिला तुम्ही स्वतःची गुडघा तपासायची हातोडी दिलीत, ती. मला काय दिलंत? नांदेडच्या ओपीडीत सगळ्यांदेखत बोलणी. तपासायला आलेल्या मुदखेडच्या एका आजोबांना मी विचारलं होतं, दुसरी काही औषधं चालू आहेत का. ते म्हणाले, "न्हाई." मी तसं लिहिलं. अजून डोळ्यांसमोर येतं : तुम्ही उठता, त्यांची पिशवी टेबलावर उलटी करता. भाकरी, चुन्याची डबी आणि गोळ्यांची दोन पाकिटं. "हिला लिहिता लई छान येतं," तुम्ही म्हणता, "बघता येत नाही." सगळे हसले. ती हसली नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मग मी लिहीतच राहिले. हाडं, सांधे, स्नायूंची दुखणी आणि त्यावरच्या गोळ्यांनी पेशंटला होणारा अपाय, हाच माझा संशोधनाचा विषय. लोक भाषणाला बोलावतात. ती लातूरला एका लहानशा दवाखान्यात बसते, तर तिच्याकडे पार अहमदपूरपासून माणसं येतात. का येतात ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर जळते.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. माझ्या अभ्यासातली एक बाई, अर्धापूरची, केळीचे घड वाहून वाहून कंबर गेलेली, लेकीकडे लातूरला गेली होती. पोटात आग, शौचाला काळं, म्हणजे आत रक्तस्राव, म्हणून तुमच्या लाडकीकडे आली. हिनं आधी पिशवी उलटी करायला लावली. तीन पाकिटं, तीन नावं, आत दुखण्यावरचं औषध एकच, म्हणजे तिप्पट. त्यातलं एक मी दिलेलं. माझ्या फॉर्मवर 'इतर औषधे' यापुढे माझ्याच अक्षरात 'नाही' आहे. "आता बरी आहे गं ती," ही म्हणाली. "तुला आधी सांगावं म्हटलं. मी कुणाला बोलले नाही." टोमणा तरी मारायचा होता! मी धड आभारही मानले नाहीत.

अर्धापूरला जाऊन त्या बाईची माफी मागितली. तिनं मलाच चहा पाजला. "ही कंबरेची, ती गुडघ्याची, येगळी येगळी हायती असं वाटलं मला," म्हणाली. "तुमची काय चूक?"

चूक माझीच. आता शोधनिबंधात ती घातली आहे, आणि कुणी पकडली तेही. तिचं नाव दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. झालं समाधान?

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून पुढचं सांगते. रोज सकाळी मी वाट बघते, की एकदा तरी तिच्या हातून असंच चुकावं. तिचं चुकणं म्हणजे कुणाच्या तरी पोटात रक्त, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. तरी बघते.