तंबू मोजणारा व्यापारी

४ जानेवारी ९९, सोम.
दातार सरांकडून निबंध परत आला. चार पानं स्वच्छ. पाचव्यावर एका परिच्छेदावर लाल पेन्सिलीची फुली, खाली बारीक अक्षरात: "हे वगळल्यास २३ तारखेच्या सभेत वाचन. अन्यथा पुढे पाहू." आमच्या इतिहास मंडळात अध्यक्षांचं 'पुढे पाहू' म्हणजे नाही.

परिच्छेद त्या फ्रेंच व्यापाऱ्याचा, तीनशे वर्षांपूर्वीच्या त्याच्या पत्रातला. कोकणातल्या बंदरात वखारीच्या छपरावर उभं राहून त्याने मराठी फौज पाहिली. तंबू दोन-तीनच, बाकी सगळे उघड्यावर. कुठे धूर नाही. माणसं खोगिराला लावलेल्या पिशवीतून भाकरी काढून खातात, लगाम मनगटाला गुंडाळून झोपतात. भिकारी लोक, संख्येने थोडे, भिण्याचं कारण नाही, माल हलवून जहाजावर चढवायची गरज नाही, असं त्याने वरिष्ठांना कळवलं. पहाटे गावाच्या सगळ्या बाजूंना तीच फौज. एवढी माणसं आली कुठून, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

फोन केला.
"सर, तो शब्द मी घातलेला नाही."
"ठाऊक आहे हो बाई. पण परक्याने आपल्या लोकांना भिकारी म्हटलं, ते मराठीत आणायची घाई कोणाला आहे? फ्रेंचमध्ये आहे ना, सुखाने राहू दे तिथे."
"मग पहाटेचा चकवा कळणार कसा?"
"चकवा ठेवा. भिकारी काढा."

घरी श्रीकांतचं म्हणणं, एका परिच्छेदाने काय होतंय, काढून टाक. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिला निबंध. मलाही वाटलंच की

८ जाने., शुक्र.
कंपनीत फ्रान्सचे दोन पाहुणे. वायटूकेचं, म्हणजे सन २००० साठी संगणकातल्या तारखा सुधारण्याचं, त्यांचं काम आपल्याला द्यायचं की नाही, ते ठरवायला आलेत. मी दुभाषी. आमची जागा प्लायवूडच्या दुकानावर, दुसरा मजला. त्यातला उंच गृहस्थ हॉलमधून वही घेऊन फिरत होता, पेन्सिलीने हवेत ठिपके देत.

वैशाली (पाळी सांभाळते, मूळची यवतमाळची) कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, थे खुर्च्या काऊन मोजून राहिले?"
"माणसं किती, ते बघत असतील."
"मग म्हणा ना त्यांना, पाळी बदलते तवा दाराशी चपला मोजा."

उंच गृहस्थ दुसऱ्याला फ्रेंचमध्ये म्हणाला, जागा एवढीशी, माणसं मूठभर, यांच्याच्याने होणार नाही. मला ऐकू जावं म्हणून नव्हतं, म्हणून भाषांतर केलं नाही. राग मात्र आला. खुर्च्या तेवढ्याच, पण एकेका खुर्चीवर दिवसाकाठी तीन जण बसतात. सकाळची पाळी उठते, दुपारची त्याच ऊबदार खुर्चीत बसते. पाहुण्यांना कसं कळणार! त्यांच्याकडे एक माणूस, एक खुर्ची.

घरी येताना बसमध्ये डोक्यात लख्ख उजेड पडला. तो व्यापारीही मोजतच होता! त्याच्या देशात फौज मोजायची तर तंबू मोजायचे, चुली मोजायच्या. इथे भाकरी आदल्या दिवशीची, चूल पेटवायचीच नाही. डोंगराआड कितीही माणसं असू देत, धूर नाही म्हणजे माणूस नाही. त्याला जे दारिद्र्य वाटलं, तीच तर ताकद. भिकारी काढला तर पहाटेचा विजय नुसता चमत्कार होतो.

उतरायचं विसरले. स्वारगेटहून चालत परत.

९ जाने., शनि.
आज उत्साह ओसरल्यावर भीती. मला हवं तेच दिसतंय का? कंपनीचा राग तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसावर काढते आहे का? मूळ पुन्हा वाचलं, फक्त शब्दांवर बोट ठेवत. पिशवी आहे. लगाम आहे. धूर नाही, हे त्याने दोनदा लिहिलंय. डोंगराआडची माणसं त्याने लिहिलेली नाहीत, ती काल रात्री निबंधात मी घातली. तिथे 'असावीत' घातलं.

११ जाने., सोम.
दातार सरांच्या घरी. सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.
"तुमच्या कंपनीच्या खुर्च्या पुरावा म्हणून चालायच्या नाहीत."
"खुर्च्या निबंधात नाहीत, सर. पिशवी आहे."
पाचवं पान पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाले, "वाचा. पहिला आक्षेप माझा असेल."
जिना उतरताना गुणगुणत होते, तेही मोठ्याने. वरून सरांचा आवाज: "बाई, अजून सभेत वाचलेला नाही निबंध!"

२१ जाने., गुरु.
पाहुण्यांनी जाताना नमुन्यादाखल दिलेलं काम मुदतीआधी गेलं. आज फ्रान्सहून फॅक्स: काम उत्तम, बाकीचंही तुम्हीच करा, मध्यंतरी नवी माणसं घेतलीत का? मी मोठ्याने वाचून दाखवला. हॉलमध्ये टेबलं बडवली सगळ्यांनी. वैशाली म्हणाली, "लिहा मॅडम, खुर्च्या तेवढ्याच हायेत."

२३ जाने., शनि.
वाचलं. सगळं वाचलं. 'भिकारी'ला सभेत कुजबुज झाली, एक काठी आपटली गेली. पुढे धुरापाशी आले तेव्हा एकदम शांतता, आणि पहाट आली तेव्हा टाळ्या! आमच्या मंडळात टाळ्या! आक्षेप संपल्याशिवाय चहा द्यायचा नाही हा आमचा रिवाज. आज चहा दोनदा गरम करावा लागला. सरांचा आक्षेप 'असावीत'वर. "अनुमान आहे हे मान्य?" "मान्य." "मग आक्षेप मागे." शेवटी उभे राहून म्हणाले, "भिकारी शब्द मला अजूनही टोचतो. टोचू दे. लेख संपूर्ण छापायचा, एक ओळही न गाळता." मी मान डोलावली. सगळ्यांत जोरात मीच.

श्रीकांत मागच्या रांगेत होता. परतताना नुसतं एवढंच: "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."

२४ जाने., रवि.
सरांचा फोन. मजकूर उद्या द्या. पुढे काही उरलंय का?
"एक परिच्छेद आहे."
"वाचला नाहीत काल."
"वेळ पुरला नसता."
खरंच पुरला नसता? अर्धं पान आहे.

त्याच छपरावरून व्यापाऱ्याने पाहिलं. फौज आली तेव्हा गावातले विणकर बोचकी घेऊन खाडीकडे धावले. पळणारी माणसं आपल्याच मुलखातली. होड्या कमी पडल्या. एक बाई चुलीवरचं भांडं तसंच टाकून गेली, आणि सकाळभर त्या एकाच घरातून धूर निघत होता. पुढे त्यांचं काय झालं, ते त्याने लिहिलं नाही.

तंबूंच्या बाबतीत तो फसला, म्हणून इथेही फसला असेल? तसं म्हणणं सोयीचं आहे. पण इथे तो मोजत नव्हता, नुसता बघत होता.

सर काय म्हणतील? कालच्या टाळ्यांतले किती जण

मी कच्चा मजकूर नेहमी पेन्सिलीने लिहिते, शेवटचा हात फिरला की शाईने. हा परिच्छेद महिनाभर पेन्सिलीतच होता. आज दुपारी शाईने उतरवला. उद्या सकाळी सरांकडे.