उलट्या पावलांची रोवणी

कुडवा, मंगळवार, संध्याकाळ

गिऱ्हाइकानं माझं अ‍ॅनिमेशन पास करून दोन दिवस झाले. त्याच्या ऑनलाइन खेळातल्या गावातली अवतार-बाई आता वाकून धानाची रोवणी करते. काम संपलं होतं. पण आज चहा पिता पिता आईला लॅपटॉपवर दाखवलं आणि तिथंच फसले.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे पुढं कायले जाऊन राहिली वं? रोवलेलं तुडवून राहिली ना!"

पुढं! रोवणी मागं मागं सरकत करतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं? सालेकशाला आमच्याच बांधीत, धानाच्या खाचरात, मी चिखलात उतरलेली आहे. खुर्चीत बसून बसून पाय विसरले की काय?

गिऱ्हाइकाला कधीच कळणार नाही. त्यानं भात ताटातच पाहिला असेल. मग राहू द्यावं तसंच?

"मोबाईल धर, व्हिडिओ काढ," आई म्हणाली. कमरेत वाकली, डाव्या हातात रोपांची जुडी असल्यासारखी मूठ धरली आणि स्वयंपाकघरात उलट्या पावलांनी रोवत निघाली. शेवटी पाठ फ्रिजला टेकली. तशी सरळ झाली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "सरली बांधी."

तो व्हिडिओ बघून दुरुस्त केलं; माझी अवतार-बाई आता मागं चालते. उद्या नवी फाइल पाठवीन, चूकही कबूल करीन. शेवटी ते कमरेवर हात ठेवून उभं राहणंही घातलंय. ते कुणी मागितलं नव्हतं.