देवाला विटाळ नको

कार्नेयोस महिना, चंद्र अर्ध्यावर

दादा,

धडधाकट असशील. वहिनींचा खोकला थांबला का? मी बरी आहे. यंदा अंजीर मात्र अगदीच बेचव निघाले.

बंदर नुसतं उतू चाललंय. पोसायडनचा उत्सव तोंडावर आलाय, जो तो माल उतरवतोय. तुझे मेहुणे देमॉन, म्हणजे आमचे यजमान, भलतेच जोरात आहेत. धक्क्यावर त्यांच्या खारवलेल्या माशांचे रांजण उभे आहेत आणि देवळातून बैलाच्या मांसाचा धूर येतोय. शी! शिसारी येते मला दोन्ही वासांची.

थ्रात्ता आठवते ना? माझ्या आंदणात आईनं दिलेली दासी. तुझ्या पोरांना खांद्यावर घेऊन नाचायची. तुझ्या मेहुण्यांनी तिला एका जहाजमालकाला विकली. का, ते विचारू नकोस. ती निसटली आणि देवळात जाऊन वेदीला बिलगली. वेदी धरणाऱ्याला हात लावायचा नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. कुणी लावलाही नाही. फक्त तिचं अन्नपाणी तोडलं.

मी पुजाऱ्याला जाब विचारला, तर म्हणतो, "आम्ही कुठं बळजबरी करतोय, बाई? देवाच्या मनात असेल तर देव पाजेल." आणि ढेकर दिला मेल्यानं!

पण खरी ओकारी पुढंच आहे. देवळात कुणी मेलं तर देवाला विटाळ. मग उत्सव बंद आणि जहाजं अडकली. म्हणून हा पुजारी सारखा येऊन तिच्या नाकाशी बोट धरतो. शेवटची धाप लागली की तिला उचलून पायरीखाली ठेवायचं ठरलंय. तेव्हा मात्र हात लावलेला चालतो! पायरीखाली खुशाल मरू दे.

तुझे मेहुणे म्हणाले, "तू घरी चल. एका दासीपायी माझं तोंड काळं करतेस?"

"ते कुणी काळं केलं, तिच्या पोटाकडे बघून सांगा," मी म्हणाले.

झालं. लिहायचं नव्हतं, तेच लिहून बसले. पोट दिसायला लागलं म्हणूनच विकायची घाई.

अक्षर वाकडं आलंय ना? डाव्या हातानं वेदीचा कोपरा धरलाय. मीही इथंच आहे, दादा. सोबत आणलेलं पाणी दोघींत संपलं. व्यापारी वळसा घालून नैवेद्य ठेवून जातात. एक तर दात काढत म्हणाला, "वहिनी, जागा झकास मिळाली हो, देवाच्या अगदी पुढ्यात!"

ओढणीनं मी तिचं मनगट माझ्या मनगटाला बांधलंय. तिला उचलायचं तर मला उचलावं लागेल, आणि मी अजून चांगली जिवंत आहे.

मला आणि माझं आंदण परत न्यायचा हक्क फक्त तुझा आहे. थ्रात्ताही त्या आंदणातलीच. "नवऱ्याशी जुळवून घे" असं लिहिणार असशील तर लिहूच नकोस. गाडी घेऊन ये, पाणी घेऊन ये. पत्र मासेवालीकडे देतेय, तिला तेवढं पोटभर जेवू घाल.

सकाळपासून थ्रात्ता हाकेला डोळे उघडत नाही. पुजारी आला की मी तिचं तोंड माझ्या कुशीत झाकते. तुला उशीर झाला आणि ती गेली, तर मी कुणाला कळू देणार नाही, गाठही सोडणार नाही. होऊ दे देवाला विटाळ.

देमॉनच्या घरात पुन्हा पाय न ठेवणारी,
तुझी मिर्रिनी