आत्यासाठी बिनआवाजाचा व्हायब्रेटर

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांशी, कुठेच न टिकणाऱ्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे अगदी खरंच वाकून. या खोलीत टेबल नाही, त्यामुळे जमिनीवर बसून पलंगावर कागद ठेवून लिहितेय.) तुझा गुडघा काय म्हणतो? रक्त काढून काढून मनगट धरतं म्हणाली होतीस, ते सुटलं का? ही मनगटाची चौकशी नुसती रीत म्हणून नाही, पुढे तिचा संबंध येणार आहे. बाबांची तब्येत विचारत नाही, ती उत्तमच असणार, त्या घरात तब्येत फक्त त्यांनीच राखलीय. आईला माझा नमस्कार सांगू नकोस, नाहीतर पत्र कुठाय म्हणून मागे लागेल. म्हणूनच हे तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवलंय. रक्त-लघवी तपासणीच्या खिडकीमागे बसून निवांत वाच, आणि मध्ये कुणी आलंच तर पत्र बाजूला ठेवून मगच सुई टोच. बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

तर तुझा तो फोन. आधी तू हवापाणी विचारलंस, मग मी जेवते का ते विचारलंस, आणि मग कुकर कुठल्या कंपनीचा घ्यावा अशा आवाजात म्हणालीस, की त्या व्हायब्रेटरमध्ये म्हणे पुष्कळ प्रकार असतात, त्यातला चांगला कुठला गं? मी तेव्हा रस्ता ओलांडत होते. मधोमध उभी राहिले. दोन्ही बाजूंच्या गाडीवाल्यांनी माझ्या आईवडिलांचा उद्धार केला (बाबांपुरता मला तो पटला). मला वाटलं तू कंबरेच्या दुखण्याचं विचारतेयस, तर म्हणालीस, ‘कंबर नाही गं बाई. डॉक्टरीणबाईंचा लेख वाचलाय मी मासिकात. काय विचारतेय ते मला कळतं.’ आणि मग जरा थांबून म्हणालीस, ‘अख्ख्या गावाच्या शरीरातलं बाटल्यांत भरून लेबलं लावते मी. पन्नाशी उलटली, माझ्या शरीरात काय आहे ते मलाच ठाऊक नाही. एकदा बघायचंय.’

आत्या, मी कॉलेज अर्धवट सोडलं, हॉटेलात चादरी बदलल्या, रोपवाटिकेत कुंड्या उचलल्या, जहाजावर भांडी घासायची नोकरी लागता लागता राहिली (ती वेगळी कथा, त्यात एक स्वयंपाकी आहे आणि त्याची बायकोही आहे), पण इतकं सरळ वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मी ताबडतोब म्हटलं, मी बघते. वर असंही म्हटलं की मला यातलं सगळं माहितीय. ते खोटं होतं. मागे एकदा घ्यायचा विचार केला होता, तेव्हा ज्याच्याबरोबर राहत होते तो तोंड पाडून म्हणाला, मी असताना कशाला? तो नेमका कधी असायचा, हा प्रश्न मला सुचेपर्यंत तो निघूनही गेला होता.

असो. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, खाली चष्मेवाला. म्हणजे जिन्यात कुणी भेटलं तर नंबर वाढलाय म्हणून सांगता येतं. आत टाय बांधलेला एक पोरगेला विक्रेता, त्याला काहीही विचारा, तो खोकं उलटं करून त्यावर छापलेलं वाचून दाखवतो. वाचताना ‘आनंद’ शब्द आला की घसा खाकरतो. त्याने सगळे प्रकार काउंटरवर मांडले. एक दांड्याचा, गवयाच्या माइकसारखा, ताकद अशी की काउंटरवर ठेवला तर स्वतःच चालत पावत्यांच्या मशीनपर्यंत गेला. तो जड आहे, तुझं मनगट अर्ध्यातच राजीनामा देईल. दुसरा आत-बाहेर दोन्हीकडे एकदम काम करणारा, त्याला सशासारखे कान. तिसरा लिपस्टिकएवढा. चौथा कंप कमी आणि हवेचे हलके झटके जास्त असा, त्याचं तोंड एवढंसं गोल, कुणी ‘ओ’ म्हणताना थांबलंय असं. पाचवा फोनवरून चालणारा, म्हणजे दुसऱ्या गावातल्या माणसाच्या हाती आपलं बटण. (आपलं बटण दुसऱ्याच्या हाती असण्याचा तुला दांडगा अनुभव आहे, त्यासाठी वेगळं यंत्र नको.) कुठल्याचा कंप किती हे कसं ओळखायचं म्हटलं, तर टायवाला म्हणाला, नाकाच्या शेंड्यावर लावून बघा. मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच तशीच रीत आहे म्हणे, नाकाचा शेंडा नाजूक असतो. मग मी एकेक यंत्र नाकाला लावून उभी. माइकवाल्याने डोळ्यांतून पाणी काढलं. सशाने शिंका. लिपस्टिकने नुसती खाज. हवेवाल्याने मात्र माझं नाक असं हळूच, अदबीने धरलं, की क्षणभर मी कुठे उभी आहे तेच विसरले. इतक्या अदबीने मला आजवर कुणी कुठेच धरलेलं नाही, हे तुला सांगते, टायवाल्याला सांगितलं नाही.

तिथेच तो घेऊन बाहेर पडायला हवं होतं मी. पण आत्या, खरी गोची तिथे सुरू झाली, कारण हातात ते यंत्र आणि डोळ्यांसमोर आपलं घर. बाबा जन्मभर विजेचे मीटर तपासत फिरले, निवृत्तीनंतर त्यांना तपासायला आपणच उरलो. घरातलं जे काही चार्ज व्हायचं ते हॉलमधल्या त्या एकाच बोर्डावर, त्यांच्या खुर्चीशेजारी, हा त्यांचा कायदा. खोल्यांतल्या प्लगना त्यांनी चिकटपट्ट्या मारून ठेवल्यात, वीज वाया जाते म्हणून. एकदा माझ्या चार्जिंगच्या टूथब्रशवर त्यांनी जी चौकशी बसवली होती ती आठवते ना? नवीन लाल दिवा लागला की ‘हे कशाचं?’ आणि उत्तर मिळेपर्यंत हातातलं वर्तमानपत्र खाली येत नाही, वरही जात नाही. मी टायवाल्याला विचारलं, बिनआवाजाचं आहे का? बिनदिव्याचं आहे का? चार्जिंगला लावल्यावर घड्याळासारखं, पेनासारखं, निदान औषधासारखं तरी दिसेल असं आहे का? तो खोकी उलटी करकरून दमला. शेवटी म्हणाला, मॅडम, तुम्हाला नक्की वापरायचंय की लपवायचंय?

मला राग आला. खरं बोलणाऱ्या दुकानदाराचा येतो तसला.

मग मी लिपस्टिकवाला घेतला. सगळ्यांत कमी आवाजाचा. नाकाला नुसती खाज आणणारा. तुझ्या आयुष्यातलं पहिलं आणि बहुधा एकुलतं एक, आणि मी ते निवडलं बाबांच्या कानाच्या मापाने! तेव्हा हे कळलं नाही. तेव्हा मला मी फार हुशार वाटले.

घरी आणल्यावर म्हटलं, पाठवण्याआधी आवाजाची नीट परीक्षा घ्यावी. तुझा पलंग आणि बाबांची खुर्ची यांच्यात एक भिंत आणि एक दार, तेवढंच अंतर इथेही आहे. मी यंत्र सुरू केलं, रजईत गुंडाळलं, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दाराला कान लावून उभी राहिले. भर दुपारी, पॅसेजमध्ये, स्वतःच्याच खोलीच्या दाराला कान लावून. तेवढ्यात घरमालकीण वाळलेले कपडे घेऊन जिना उतरली. या बाईंचा नियम असा की खोलीवर पुरुष चालणार नाही, सख्खा भाऊसुद्धा फाटकापर्यंतच. त्यांनी विचारलं, आत कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. तर मग ऐकतेस काय? असं म्हणत त्यांनी कपड्यांचा ढीग माझ्या हातात दिला आणि स्वतः कान लावला. चेहरा हळूहळू असा उजळला की बस. ‘दाढीचं मशीन!’ म्हणाल्या. ‘आत बाप्या दाढी करतोय!’

आता बघ आत्या, मी तिथेच कबूल करून टाकायला हवं होतं की हो, बाप्या आहे. पण मी मान हलवत राहिले. त्यांनी दार ढकललं, पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, खिडकीतून खाली वाकून कुणी लोंबकळतंय का पाहिलं (दुसरा मजला आहे, पण प्रेमात माणसं काय करत नाहीत, असा त्यांचा समज असावा, त्यांचं लग्न ठरवून झालंय). मग रजई गुणगुणतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती उलगडली. लिपस्टिक चादरीवर गोल गोल फिरत होती. त्या चिडतील, ओरडतील असं वाटलं होतं, पण अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘बाप्या निघाला असता तर समज देऊन सोडलं असतं गं. तरणं वय असतं. पण हे?’ आणि मला महिनाअखेर खोली सोडायला सांगून यंत्र पदराच्या टोकाने उचलून जप्तीचा माल म्हणून घेऊन गेल्या.

मी तो कपड्यांचा ढीग तसाच धरून उभी. हसूही येईना. पुरुष लपवला तर माफी आहे, बाईने स्वतःला काही दिलं तर नाही. आणि हा कायदा एका बाईनेच मला वाचून दाखवला, तिचेच परकर माझ्या हातात असताना.

त्यानंतर मी तुझ्या खोलीचाच विचार करत बसले. आजोबा आत पडतील आणि दार उघडता येणार नाही म्हणून त्या दाराची कडी बाबांनी काढली होती. ठीक होतं, आजोबा पडायचेच. तू बारा महिने तेरा काळ त्यांच्या उशाशी निजलीस, खोकल्याच्या आवाजावरून उठलीस. ते गेले, खोली तुला मिळाली, सगळे म्हणाले किती छान. कडी मात्र परत कुणी लावली नाही. कुणाच्या मनातही आलं नाही. बाबा इस्त्रीसाठी न विचारता आत येतात, आईच्या बॅगा तुझ्या कपाटात, पाहुणे आले की त्यांच्या पिशव्या तुझ्या अंगावरच्या पांघरुणावर. मीसुद्धा यायचे की, दार लाथेने उघडून, हातात खाऊची प्लेट घेऊन. तू साडी बदलत असलीस तर भिंतीकडे तोंड करायचीस, एवढंच. आम्हाला ‘जा’ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

तर निवड मी अशी चुकवली. माझं ऐक, कुणाच्याही कानाचा विचार करू नकोस. तू स्वतः जा. रविवारी दवाखाना बंद असतो, बस पकड, दुकानात उभी राहा, एकेक नाकाला लाव आणि ज्याने तुझे डोळे आपोआप मिटतील तो घे. मऊ सिलिकॉनचा घे, मनगटाला झेपेल असा घे, सोबत पाण्यातलं जेल घे (तेलातलं नको), वापरून झाल्यावर साबणाने धू, ते तुला मी काय सांगणार, तू जन्मभर नळ्या धुतल्यास. माझं मत हवेवाल्याला. आवाज थोडा होतो. होऊ दे. त्या घरात बाबांच्या घोरण्याला कुणी खोली सोडायला सांगितलेलं नाही.

मनगटाला जप. थोरल्यांना नमस्कार नाही, धाकटी त्या घरात आता कुणी उरली नाही.

तुझी,
भटकभवानी

ता. क. सोबतच्या डब्यात यंत्र नाही, निराश होऊ नकोस. पितळी कडी आहे, स्क्रू आहेत, आणि स्क्रू-ड्रायव्हर. दार बंद करून आतल्या बाजूने, खांद्याच्या उंचीवर बसव. बाबा विचारतीलच, हे कशाला? काहीही कारण देऊ नकोस. कारण दिलं की ते त्यात चूक काढतात.

दुसरा ता. क. मालकीणबाईंनी जप्तीचा माल अजून परत केलेला नाही. खालून हल्ली दुपारचा रेडिओ फार मोठ्याने लागतो. मी मागायला गेले नाही. खाज तर खाज, असू दे त्यांना.

तिसरा ता. क. हे आधीच लिहायला हवं होतं, पण लाज वाटत होती, म्हणून आधी तुझं सगळं लिहून काढलं. महिनाअखेर आली. नोकरी गेल्याच आठवड्यात सुटली, दुसरी खोली मिळत नाही. हॉलमध्ये मला बाबा राहू देणार नाहीत, आमचं मागचं भांडण तुला माहितीय. तेव्हा तुझ्या खोलीत, पलंगाशेजारी, माझी एक गादी काही महिने मावेल का? सगळं वरचं लिहून झाल्यावर हे मागतेय, किती निर्लज्ज आहे ते मला दिसतंय. तुझा तिथे पहिल्यांदाच आतून बंद होणारा कोपरा होतोय आणि पहिली घुसणारी मीच. म्हणून एक काम कर. मला नाही म्हण. मी दुखावणार, चिडणार, महिनाभर फोन करणार नाही, पण मरणार नाही. त्या घरात तू कुणालाच कधी ‘नाही’ म्हणाली नाहीस. सुरुवात माझ्यावर कर.