चारठाण्यातली पूर्ण विश्रांती

२२ डिसेंबर, रविवार.
चारठाण्यात पोचलो. होम-स्टे, सहा दिवस. दोन वर्षं शुभदानं माझ्या आईचं अंथरुणातलं सगळं केलं. देखरेख माझी होती. जूनमध्ये आई गेली. तेव्हापासून दोघंही दमलोय. संकल्प: बायकोला पूर्ण विश्रांती. शिवाय इथल्या प्राचीन देवळांवर माझी पुस्तिका.
फोटोत दगडी घर होतं. प्रत्यक्षात स्लॅबचं. फोटोतला दगड मागच्या देवळाचा निघाला. घरमालकीण सगुणाबाईंना शांतपणे सांगितलं, ही फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, देवळात झोपू देत न्हाईत, साहेब.

२३ डिसेंबर.
पाचला उठून देवळाची मोजमापं घ्यायची होती. उठलो पावणेदहाला. दोष गादीचा. फार मऊ आहे.
तोवर शुभदा सगुणाबाईंबरोबर शेतात जाऊन, हुरडा खाऊन परतही आली. मला का उठवलं नाही, विचारलं. म्हणाली, उठवू नको असं तुम्हीच बजावलं होतंत. बजावलं असेल. पण त्या अर्थानं नाही.

२४ डिसेंबर. सकाळी ११.
देवळात नांदेडचं एक कुटुंब आलं होतं. त्यांना चाळीस मिनिटं शिल्पं समजावली. कोपऱ्यात रेवणसिद्ध आप्पा बेल निवडत बसले होते; रोज महादेवाला पाणी घालतात ते. शेवटी त्या लोकांनी आप्पांनाच विचारलं. आप्पा म्हणाले, साहेब विष्णू म्हनायलेत, पन पायापाशी कुत्रं हाय बगा. भैरव हाय त्यो.
कुत्रं मलाही दिसलं होतं. विषयांतर नको म्हणून सोडलं.

२५ डिसेंबर.
गावात नळ चार दिवसांआड येतो. हे दारावर लिहून लावायला हवं. अंघोळीला धार बारीक होती म्हणून गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व फिरवला. जेवून उठेपर्यंत सगळं पाणी गल्लीत.
शुभदा आणि सगुणाबाई दुपारभर शेजारच्या बोअरवरून घागरी आणत होत्या. मीही गेलो असतो, पण माझी पाठ. सगुणाबाई चिडल्या असत्या तर बाजू मांडता आली असती. त्यांनी फक्त व्हॉल्वला तार गुंडाळली. खेड्यात संवाद अवघड.

२६ डिसेंबर.
होम-स्टे सुधारण्यासाठी सगुणाबाईंना यादी करून दिली. एकतीस मुद्दे. शुभदा त्यांना वाचून दाखवत होती. सतराव्या मुद्द्याला हसायला लागली. मुद्दा उशांचा होता, त्यात हसण्यासारखं काही नाही. हसू थांबेना. मग रडायला लागली. सगुणाबाईंनी तिला आत नेलं.
मी दाराबाहेर उभा राहिलो. आतून सगुणाबाईंचा आवाज: रडून घ्या, ताई. सासूचं करून लय दमलाव तुमी.
दमलोय दोघंही, हे सांगायला आत जाणार होतो. पण चहा गार होत होता. प्यालो.

२७ डिसेंबर. सकाळी ७.
शुभदा म्हणते, आणखी आठ दिवस राहायचंय. म्हटलं राहू, पुस्तिकेचं पहिलं पान व्हायचंच आहे. ती म्हणाली, मी एकटी.
पुण्यात गॅस कोण लावणार, औषधं कोण देणार, विचारलं. म्हणाली, औषधांवर वेळा लिहिल्यात. कधी लिहिल्या कुणास ठाऊक.
पूर्ण विचार करून परवानगी दिली. तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ऐकू गेलं असावं.

त्याच दिवशी. जिंतूर, ११.२०.
परभणीची एसटी. सोडायला कोणी आलं नाही. आलं असतं तर मीच नको म्हणालो असतो.
सवयीनं दोन तिकिटं घेतली. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. एका बाईंनी विचारलं, हितं कुनी हाय का? हो म्हणालो.
बोरीपर्यंत त्या उभ्याच होत्या. बोरी सुटल्यावर त्यांनी पिशवी उचलली, माझ्या मांडीवर ठेवली आणि बसल्या.
म्हणाल्या, आता कुनी येत न्हाई.