एअर फिल्टरवरचा लाल ठिपका

दादा,

गाडी मी दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवायला नेतेय, संध्याकाळपर्यंत आणते. तुझा गॅरेजवाला मित्र आज ती विकत घ्यायला येणार होता, त्याला येऊ नको म्हणून कळव.

काल मी बॉनेट उघडलं. गेल्या महिन्यात तू त्याच्याकडून सर्व्हिसिंग करून आणलंस, त्या बिलात नव्या एअर फिल्टरचे पैसे आहेत. आत जुनाच फिल्टर आहे. त्याच्या कडेला माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. गाडी सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी बाबा असे ठिपके लावायचे, आठवतंय ना? तू त्यांना संशयात्मा म्हणायचास. हा ठिपका त्यांनी दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी लावला. बाटली धरून मी शेजारी उभी होते.

'बाबांची गाडी म्हणजे पांढरा हत्ती, विकून टाकू,' हे तू आईला अशीच बिलं दाखवून पटवलंस. न केलेल्या कामाचे पैसे मोजले तर सायकलसुद्धा हत्ती होईल. मित्राने तुला फसवलं असेल, तर मला खरंच बरं वाटेल.

नवा फिल्टर मी दुकानातून आणून स्वतः बसवला. दोन क्लिपा काढायच्या असतात, मजुरी लागत नाही. जुना माझ्या कपाटात आहे, तो कोणी टाकू नये.

आईला मी अजून काही बोलले नाही. आधी तू बोल.

नव्या फिल्टरवरही ठिपका लावलाय. आणखी कुठे कुठे लावलेत, ते सांगत नाही.